मोबाइलपासून भिंतीपर्यंत : छायाचित्र छापताना आणि फ्रेम करताना लागणारी परिभाषा

लग्नाचे, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे किंवा दिवंगत आजी-आजोबांचे छायाचित्र भिंतीवर लावायचे ठरले, की ते मोबाइलमधून स्टुडिओत, स्टुडिओतून छपाईच्या लॅबमध्ये आणि तेथून फ्रेमवाल्याकडे जाते, आणि या सर्व ठिकाणी तेच ते शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जात असल्यामुळे ग्राहकाचा गोंधळ उडतो. ‘फ्रेम’ या एकाच शब्दाचा अर्थ छायाचित्रकाराच्या लेखी कॅमेऱ्यातून दिसणारी चौकट असा आहे, व्हिडिओच्या बाबतीत तो दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांपैकी एक चित्र असा आहे, कॅमेऱ्याच्या जाहिरातीतील ‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरचा संवेदक आहे, आणि फ्रेमवाल्याच्या लेखी ती लाकडाची किंवा फायबरची पट्टी आहे. ‘माउंट’ म्हणजे कॅमेऱ्यावर भिंग जेथे बसते ती जागा, आणि माउंट म्हणजेच छायाचित्राभोवतीचा खिडकीसारखा कापलेला पुठ्ठाही. ‘साइज’ तर इंचांत, पिक्सेलमध्ये आणि एमबीमध्ये असा तीन प्रकारे सांगितला जातो, आणि या तिन्हींची गल्लत झाल्यामुळेच सर्वाधिक छपाया वाया जातात. म्हणून पुढील विवेचनात निर्णय घेण्यापुरतीच परिभाषा दिली असून ती भिंतीपासून सुरू होऊन फाइलपर्यंत आणि तेथून पुन्हा फ्रेमपर्यंत जाते.

आधी भिंत मोजावी

बहुतेक जण आधी छापून घेतात आणि मग जागा शोधतात. हा क्रम उलटा असावा. जागेची लांबी-रुंदी मोजून त्या मापाचे वर्तमानपत्र भिंतीवर चिकटवून पाहिल्यास आकाराचा अंदाज कोणत्याही सल्ल्यापेक्षा अधिक अचूक येतो. उभ्याने पाहावयाच्या छायाचित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा, आणि जेथे प्रामुख्याने बसून पाहिले जाते तेथे तो थोडा खाली घ्यावा. जुन्या वाड्यांत छायाचित्रे दारावर उंच लावून वरच्या बाजूने पुढे झुकवलेली असत. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती नीट दिसत आणि काचेवरील चकाकीही कमी होई. उंचावर लावण्यावाचून पर्याय नसेल, तर ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

फ्रेमवाल्याला ‘१२ बाय १८ ची फ्रेम’ सांगितली, तर तो बहुधा ते आतील कागदाचे माप समजतो आणि ग्राहक मात्र ते बाहेरील माप धरून चालतो. समजा, छायाचित्र १२ × १८ इंचांचे आहे आणि त्याभोवती चारही बाजूंनी २ इंचांचा माउंट हवा आहे. मग काच १६ × २२ इंचांची लागेल, आणि त्यावर १ इंच रुंद पट्टी बसवली, तर पट्टीच्या आतील खाच काचेच्या कडेवर पाव इंच येत असल्याने बाहेरील माप १७.५ × २३.५ इंच होईल. म्हणजे १२ इंच रुंद समजलेली वस्तू प्रत्यक्षात साडेसतरा इंच जागा व्यापते. यासाठी मागणी नोंदवताना ‘कागदाचे माप’, ‘काचेचे माप’ आणि ‘बाहेरून माप’ अशा तीन ओळी पावतीवर लिहून घ्याव्यात.

पिक्सेल, मेगापिक्सेल आणि डीपीआय

डिजिटल छायाचित्र हे रंगाच्या सूक्ष्म चौकोनी ठिपक्यांचे जाळे असते. त्यातील एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. ४००० पिक्सेल लांब आणि ३००० पिक्सेल रुंद छायाचित्रात १ कोटी २० लाख, म्हणजेच १२ मेगापिक्सेल असतात. कागदावर हे पिक्सेल किती दाटीने मांडायचे, याचे माप म्हणजे दर इंचातील पिक्सेलची संख्या. हातात धरून पाहायच्या छायाचित्रासाठी दर इंचाला ३०० पिक्सेल असावेत. चार-पाच फुटांवरून पाहायच्या भिंतीवरील छायाचित्रासाठी २०० पुरेसे होतात आणि मोठ्या आकारात, दुरून पाहताना, १५० वरही काम भागते. लांबीचे पिक्सेल या आकड्याने भागले, की किती इंच छापता येईल ते समजते :

- १६०० × १२०० पिक्सेल : ३०० च्या दाटीने सुमारे ५.३ × ४ इंच, २०० च्या दाटीने ८ × ६ इंच
- ४००० × ३००० पिक्सेल : ३०० च्या दाटीने सुमारे १३.३ × १० इंच, २०० च्या दाटीने २० × १५ इंच
- ६००० × ४००० पिक्सेल : ३०० च्या दाटीने २० × १३.३ इंच, २०० च्या दाटीने ३० × २० इंच

येथे एका रूढ गैरसमजाचा उलगडा करणे आवश्यक आहे. ‘ही फाइल ७२ डीपीआयची आहे, छापता येणार नाही’ असे पुष्कळदा सांगितले जाते. फाइलमध्ये नोंदलेला ७२ किंवा ३०० हा आकडा केवळ एक सूचना असून तो बदलल्याने चित्रातील पिक्सेल वाढत नाहीत किंवा कमीही होत नाहीत; ४००० × ३००० पिक्सेलची फाइल ७२ लिहिलेली असो वा ३००, छापील परिणाम सारखाच येतो. उलट ६०० × ४०० पिक्सेलच्या फाइलवर ३०० हा आकडा लिहिला, तरी तिचे छायाचित्र २ इंचांपलीकडे स्पष्ट येत नाही. शिवाय डीपीआय हे मूलतः छपाईयंत्र एका इंचात शाईचे किती ठिपके टाकते याचे माप आहे, आणि ते पिक्सेलच्या दाटीपेक्षा वेगळे आहे. म्हणून फाइल देताना आणि घेताना डीपीआय विचारण्याऐवजी लांबी-रुंदी किती पिक्सेल आहे हेच विचारावे. मोबाइलमध्ये छायाचित्राच्या ‘तपशील’ या पर्यायात ती मिळते.

मोबाइलच्या खोक्यावरील ५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेल हे आकडेही सावधपणे घ्यावेत, कारण असे बहुतेक फोन शेजारशेजारचे पिक्सेल एकत्र करून नेहमीच्या वापरात १२ मेगापिक्सेलच्या आसपासचेच छायाचित्र देतात. त्यात काही वावगे नाही, कारण अशाने अंधुक प्रकाशातील छायाचित्र अधिक स्वच्छ येते. डिजिटल झूम मात्र टाळावा. तो चित्राचा मधला भाग कापून ताणतो, त्यामुळे दोन पावले पुढे जाऊन टिपलेले छायाचित्र नेहमीच अधिक चांगले छापले जाते. हललेले किंवा फोकस चुकलेले छायाचित्र कितीही पिक्सेलचे असले, तरी मोठे केल्यावर त्याचा दोष वाढूनच दिसतो. म्हणून छापण्यापूर्वी ते संगणकाच्या पडद्यावर पूर्ण आकारात उघडून डोळ्यांच्या बाहुल्या स्पष्ट आहेत की नाहीत ते पाहावे.

फाइल पाठवताना होणारे नुकसान

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकाराने लहान केले जाते आणि त्याची लांब बाजू साधारणपणे १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ‘एचडी’ पर्याय निवडल्यास ती वाढते, पण मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचत नाही. लग्नाचे उत्तम छायाचित्र १२ × १८ इंचांत धुरकट का आले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. त्यामुळे छापण्याची फाइल व्हॉट्सॲपवरच पाठवायची असल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, अन्यथा ईमेल, क्लाउडचा दुवा किंवा पेन ड्राइव्ह वापरावा. पडद्याचा स्क्रीनशॉट काढून तो छपाईला देणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

फाइलच्या प्रकारांपैकी जेपीईजी हा प्रकार आकार कमी करण्यासाठी काही तपशील कायमचा टाकून देतो आणि प्रत्येक नव्या बदलानंतर जतन करताना तो आणखी टाकतो; म्हणून मूळ फाइल अबाधित ठेवून बदल प्रतीवरच करावेत. आयफोन २०१७ पासून एचईआयसी प्रकार वापरतात आणि काही दुकानांतील जुन्या संगणकांवर तो उघडत नाही, तेव्हा आधीच जेपीईजीमध्ये रूपांतर करून न्यावे. टिफ हा प्रकार जपणुकीसाठी चांगला. ‘रॉ’ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती. ती संस्कार केल्याशिवाय छापता येत नाही. रंगांबाबत सामान्य ग्राहकाने एवढेच पाहावे, की फाइल ‘एसआरजीबी’ या रंगव्यवस्थेत आहे, कारण बहुतेक फोटो लॅब तीच गृहीत धरतात. पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद तो केवळ परावर्तित करतो. त्यामुळे छापील चित्र नेहमी पडद्यापेक्षा गडद भासते. पडद्याची चमक निम्म्यावर आणून मगच छायाचित्राचा उजेड ठरवावा, आणि मोठ्या छपाईपूर्वी ४ × ६ इंचांची एक चाचणी प्रत काढावी.

लांबी-रुंदीचे प्रमाण : डोकी कोठे कापली जातात

मोबाइलचे छायाचित्र बहुधा ४ : ३ या प्रमाणात असते आणि डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याचे ३ : २ या प्रमाणात. बाजारातील कागदांपैकी ४ × ६, ८ × १२, १२ × १८ आणि २० × ३० हे ३ : २ या प्रमाणाचे आहेत, ८ × १० आणि १६ × २० हे ५ : ४ चे, तर १२ × १६ आणि १८ × २४ हे ४ : ३ चे आहेत. प्रमाण जुळले नाही, तर चित्राचा काही भाग कापणे किंवा कडेला पांढरी पट्टी सोडणे याशिवाय तिसरा प्रामाणिक मार्ग नसतो. ताणून बसवले, तर माणसे जाड किंवा लांबट दिसतात. मोबाइलचे आडवे छायाचित्र १२ × १८ वर पूर्ण भरून छापल्यास उंचीचा एक नवमांश भाग जातो, आणि कॅमेऱ्याचे छायाचित्र ८ × १० वर छापल्यास लांबीचा एक षष्ठांश भाग जातो. गटाच्या छायाचित्रात दोन्ही टोकांना उभे असलेले काका आणि आत्या नेमके याच एक षष्ठांशात अर्धवट कापले जातात.

दुकानदाराला पुढीलपैकी काय हवे ते स्पष्ट सांगावे :

- ‘भरून’ : कागद पूर्ण भरतो, पण चित्र कापले जाते. कोठून कापायचे ते समोर बसून ठरवावे.
- ‘बसवून’ : चित्र पूर्ण राहते आणि कडेला कोरा कागद उरतो. माउंट लावायचा असेल तर हाच पर्याय निवडावा, कारण उरलेला कोरा कागद माउंटखाली झाकला जातो.

छायाचित्र टिपतानाच कडेला थोडी मोकळी जागा सोडण्याची सवय लावून घेतल्यास ही अडचण मुळातच कमी होते, विशेषतः माउंटची खिडकी छायाचित्रापेक्षा प्रत्येक बाजूने सुमारे एक अष्टमांश इंच लहान कापली जात असल्यामुळे.

कागद आणि लॅमिनेशन

चकचकीत कागदावर रंग खुलतात, पण बोटांचे ठसे आणि चकाकी दिसते; मॅट कागद खिडकीसमोरच्या भिंतीला योग्य. काच लावायची असेल तर मॅट कागद बहुधा अधिक समाधान देतो.

‘लॅमिनेशन फ्रेम’ या प्रकारात छायाचित्र लाकडी भुशाच्या फळीवर चिकटवून त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा चढवतात. ती स्वस्त आणि हलकी असते, तिला काच नसल्याने फुटण्याचे भय नसते, आणि नव्याने छापलेल्या प्रतीसाठी ती स्वीकारण्यास हरकत नाही. परंतु एकदा चिकटवलेले छायाचित्र फळीवरून अखंड निघत नाही. म्हणून ज्याची दुसरी प्रत नाही असे मूळ छायाचित्र लॅमिनेशनला कधीही देऊ नये.

फ्रेमचे भाग आणि त्यांची कामे

फ्रेम केवळ शोभेसाठी असते या समजुतीमुळे सारा खर्च पट्टीवर होतो आणि छायाचित्राचे खरे रक्षण करणाऱ्या भागांकडे दुर्लक्ष होते.

- पट्टी : सागवानी पट्टी टिकाऊ आणि महाग, फायबरची पट्टी हलकी असून तिला वाळवी लागत नाही, मात्र मोठ्या आकारात ती वाकते. पट्टीचे कोपरे ४५ अंशांत कापून जोडलेले असतात. सांध्यात नख जात असेल, तर फ्रेम परत करावी.
- काच : साधी काच स्वस्त आणि स्वच्छ, चकाकीरोधक काचेने परावर्तन कमी होते, पण चित्र किंचित धूसर होते. मोठ्या फ्रेमसाठी ॲक्रिलिक हलके पडते, मात्र त्यावर ओरखडे उठतात. अतिनील किरण अडवणारी काच रंग फिके पडण्याचा वेग कमी करते.
- माउंट : माउंटचे मुख्य काम छायाचित्र आणि काच यांत हवेची पोकळी राखणे हे आहे. छायाचित्राचा वरचा थर बहुधा जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो मऊ होऊन काचेला चिकटतो. माउंट नको असेल, तर काचेच्या कडेला आतून पातळ पट्ट्या लावून घ्याव्यात.
- पाठ : हार्डबोर्ड किंवा फळी थेट छायाचित्राला टेकू नये, मध्ये एक चांगला कागद असावा, आणि मागील कडा कागदी टेपने बंद केलेल्या असाव्यात, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही.

‘ॲसिड-फ्री’ हा शब्द माउंट व पाठीच्या पुठ्ठ्याबाबत वापरला जातो. साध्या पुठ्ठ्यात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन आणि आम्ले असतात आणि ती काही वर्षांत छायाचित्राच्या कडा तपकिरी करतात. आम्लरहित पुठ्ठ्यात हा धोका टाळलेला असतो. जुन्या फ्रेममध्ये माउंटची कापलेली तिरपी कड पिवळी पडलेली दिसली, तर पुठ्ठा बदलण्याची वेळ झाली असे समजावे. सर्वच छायाचित्रांना ही सामग्री लागत नाही. जी पुन्हा छापता येतात त्यांना साधा माउंट पुरतो.

एकमेव जुने छायाचित्र असेल तर

या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. मूळ छायाचित्र आम्लरहित पाकिटात कपाटात ठेवावे आणि भिंतीवर त्याची छापील प्रत लावावी. प्रतीसाठी ते सपाट काचेच्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्यावे. कागद आत ओढून घेणाऱ्या यंत्रातून ते कदापि जाऊ देऊ नये. दर इंचाला ६०० पिक्सेल घेतल्यास २ × ३ इंचांच्या छायाचित्रातून १२०० × १८०० पिक्सेल मिळतात आणि ४ × ६ इंचांची उत्तम प्रत निघते. ८ × १२ हवी असल्यास १२०० ने स्कॅन करावे. न सुधारलेली मूळ स्कॅन फाइल टिफ प्रकारात मागून घ्यावी. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा ‘स्पष्ट’ करणारी ॲप हरवलेला तपशील परत आणत नाहीत, तर नवा रचतात. अशाने नाक, डोळे, कपाळावरचे गोंदण बदलू शकते आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती व्यक्ती अनोळखी वाटू लागते. भेगा, डाग आणि ओरखडे भरणे इष्ट आहे. चेहरा मात्र आहे तसाच राहू द्यावा.

मूळच लावायचे असे ठरले, तर ते गोंदाने, दुहेरी चिकटपट्टीने किंवा सेलोटेपने बसवू देऊ नये. कागदी कोपऱ्यांत ते अडकवता येते, किंवा पातळ चिवट कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लावून टांगता येते; खळ पुढे ओलाव्याने सोडवता येते, आणि केव्हाही सुरक्षित बाहेर काढता येणे हीच येथे चांगल्या फ्रेमची कसोटी आहे. काचेला आधीच चिकटलेले छायाचित्र ओढू नये, पाण्यातही बुडवू नये; काचेसकट स्कॅन करून घ्यावे आणि मग कागदसंवर्धकाचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र असून अशा कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी ते योग्य ठिकाण आहे. हाताने रंगवलेल्या जुन्या छायाचित्रांवर ओले फडके कधीही फिरवू नये, कारण तो रंग पाण्याने निघू शकतो.

लावण्याची जागा

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरील भिंतीवर छायाचित्र लावू नये; तेथे बुरशी प्रथम कडेला पांढुरक्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावल्यास भिंत आणि पाठ यांत हवा खेळते. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येते ती जागाही टाळावी. दिवंगतांच्या छायाचित्राला ताज्या फुलांचा हार घालण्याची प्रथा अनेक घरांत आहे. हाराचे पाणी पट्टीच्या खाचेतून आत झिरपते आणि छायाचित्र खालच्या कडेने खराब होऊ लागते, म्हणून हार पाणी निथळल्यावर घालावा, दुसऱ्या दिवशी काढावा, किंवा चंदनाचा हार वापरावा. समईची काजळी पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे. काच पुसताना द्रव काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावा.

ग्राहकाचे हक्क

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसल्यास, ते काढून घेणारी व्यक्ती असते. तथापि अनेक स्टुडिओंच्या छापील अटींत याच्या विरुद्ध करार असतो, म्हणून लग्नासारख्या कामाची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पुढील मुद्दे लेखी ठरवावेत :

- पूर्ण आकाराच्या फाइल मिळणार का, आणि किती;
- कच्च्या फाइल मिळणार का, आणि स्टुडिओ त्या किती काळ सांभाळणार;
- छायाचित्रे स्टुडिओच्या जाहिरातीत वापरण्यास संमती आहे की नाही.

मूळ छायाचित्र दुकानात देताना ‘मूळ, एकमेव प्रत’ अशी नोंद पावतीवर करून घ्यावी आणि देण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंनी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष वस्तू परत घेऊन पैसे परत करण्यास बिलातील मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. त्यामुळे ‘एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने ग्राहकाचा हक्क संपत नाही. प्रथम दुकानदाराला लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तोडगा न निघाल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तेथे शुल्क द्यावे लागत नाही.

फ्रेम बंद होण्यापूर्वी एक काम मात्र ग्राहकाने स्वतःच करावयाचे असते. छायाचित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे, स्थळ आणि वर्ष एका वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून तो कागद पाठीच्या बाहेरील बाजूस चिकटवावा. छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहिल्यास दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई दमट हवेत पसरते.